पाणी येतं, पण जात नाही

आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी निवृत्त झाले आणि आठ महिन्यांत ती गेली. तिच्यासाठी रजा घ्यायला लागू नये म्हणून मी निवृत्तीची वाट बघत होते, आणि वेळ मिळाला तेव्हा ती फार दिवस उरली नाही. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये मी एकटी राहिले. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. भाऊ नाशिकला असतो. रविवारी फोन करतो, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचत नाही म्हणून आम्ही हवामानावर बोलतो.

आठवड्यातून तीन दिवस आमच्या कोपऱ्यावर एक मासळीवाली मावशी बसायची. मावशी म्हणायचं म्हणून म्हणायचं, वयानं ती माझ्याएवढीच. खाडीकाठच्या गावातली, पहाटेच्या गाडीनं टोपली घेऊन यायची. आईचं आणि तिचं जमायचं. आई अलिबागकडची, मासळी दोन बोटांनी दाबून बघणारी. दोघी भांडल्यासारख्या बोलायच्या आणि दोघींना त्यात सुख असायचं. आई गेल्यावर पहिल्यांदा मी एकटी गेले तेव्हा मावशीनं सवयीनं विचारलं, "किती देऊ?" आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच दोन तुकड्या कागदात बांधल्या. त्यानंतर तिनं मला 'किती' कधीच विचारलं नाही.

एका बुधवारी टोपलीत पापलेट आणि हलवा होता, सगळी मोठी, बर्फातली मासळी. मी सहज म्हटलं, "मावशी, तुमच्या खाडीची बोयटं नाहीत का आज?"

"खाडीची?" ती हसली, पण बरं हसली नाही. "आमचे खाडीला काय ऱ्हायलंय बाय? ही सगली बाजारातून उचललेली. वीस वर्सं झाली, मी दुसऱ्याचीच मासली विकतंय. तुझे आयसला ठाव व्हता. तुला नाय बोलली ती?"

आई बोलली नव्हती. मावशी मग बराच वेळ बोलत राहिली. गावातल्या बायकांनी दोन वर्षं तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावली होती. कुठलीशी मंडळी टेम्पो भरून रोपं घेऊन आली, फोटो काढले, टोप्या वाटल्या. रोपं पहिल्या उन्हाळ्यात करपली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, तीही करपली. तिवरं नाहीत म्हणून चिखलात पिल्लं धरत नाहीत, पिल्लं नाहीत म्हणून मासळी नाही. एवढं सांगून ती म्हणाली, "तू त्या पान्याचे लॅबमधी व्हतीस ना? येऊन बघ की एकदा. कशाला मरतात ती?"

मी अंबरनाथच्या एका रसायनं बनवणाऱ्या कंपनीत तीसेक वर्षं प्रयोगशाळेत होते. हे मीच कधीतरी तिला अभिमानानं सांगितलेलं असणार. मी "बघू" म्हटलं. घरी येऊन भात लावला, मासळी तळली, जेवले, भांडी घासली. दुपारचे दीड वाजले होते आणि रात्रीपर्यंत मला करण्यासारखं काहीही नव्हतं. मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या गावाला गेले. आधी गाडी, मग रिक्षा, मग खाजणातून, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून, पायवाट. पाण्याचा खारटपणा आणि त्यातला प्राणवायू मोजायची छोटी उपकरणं मी विकत घेतली होती, बाटल्या घरच्याच होत्या. बांधावर दहा-बारा बायका उभ्या होत्या. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. बायका हसल्या. एकीनं हात धरून मला बाहेर ओढलं आणि सांगितलं, "मॅडम, पाय सरल टाकायचा नाय. आडवा टाकायचा, बदकासारखा."

रोपांच्या जागी काठ्या उभ्या होत्या. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, वाळलेल्या. मी चार ठिकाणचं पाणी घेतलं. बांधाच्या आतलं पाणी बाहेरच्या खाडीपेक्षा कितीतरी खारट होतं, आणि त्यात प्राणवायू जवळपास नव्हता. मी तीन आठवडे जाऊन पुन्हा पुन्हा मोजलं, तक्ता केला आणि मावशीच्या ओटीवर बसून बायकांना समजावून सांगायला लागले. उधाणाचं पाणी आत येतं, साचतं, उन्हानं आटतं, मीठ मागे राहतं, असं सगळं.

ओटीच्या कोपऱ्यात मावशीची सासू बसलेली होती. नव्वदीच्या आसपासची, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ अधू. ती मध्येच म्हणाली, "पानी येतं पन जात नाय. एवढंच ना?"

"हो आजी," मी म्हटलं. "एवढंच."

"मंग ते एवढे कागुद कशाला लागले?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण म्हातारी गंभीर होती. तिनं सांगितलं, की त्या खाजणात पूर्वी खाडीचा एक फाटा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा त्यात होडी चालायची. पुढे बांधकामाचा राडारोडा टाकणारे ट्रक आले, त्यांच्यासाठी रस्ता झाला, आणि फाटा बुजला. कुठं होता ते आता कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मावशीचा मोठा दीर, जन्मभर खाडीत जाळं टाकलेला माणूस, एक जागा दाखवायचा. दुसरे म्हातारे दुसरी.

"मना न्या," म्हातारी म्हणाली. "मना दिसत नाय, पायाला कलतं."

आम्ही तिला नेलं. ओहोटीची वेळ धरून, मावशी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. तिचं वजन लहान मुलीएवढं होतं. ती अनवाणी, हळूहळू, एकेक पाऊल चाचपत चालली. कुठे थांबायची, टाच दाबायची, मान हलवायची आणि पुढे व्हायची. एका जागी तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिनं तो तिथेच ठेवला. "हितं खोल व्हता. वरती माती टाकली तरी तल बसलेला नाय." मग ती डावीकडे वळली. दोन पावलं, तीन पावलं. आमच्या मागून दीर बांबूच्या काठ्या रोवत येत होता. तासाभरानं मागे वळून पाहिलं तर काठ्यांची एक वाकडीतिकडी ओळ खाजणातून थेट खाडीपर्यंत गेली होती, नदी वळावी तशी. दीर तोंडातल्या तोंडात म्हणाला, "हाच तो. हितं माझा बाप होडी बांधायचा." आणि त्यानं शेवटची काठी आणखी खोल रोवली.

तिवरांच्या, म्हणजे सरकारी भाषेत कांदळवनाच्या, जमिनीत परवानगीशिवाय फावडं मारता येत नाही. तो अर्ज मी लिहिला. नकाशा काढला, पाण्याचे आकडे जोडले, बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. वनखात्याच्या कचेरीत मी आणि मावशी सहा वेळा गेलो. पाचव्या खेपेनंतर एक तरुण अधिकारी स्वतः बघायला आला, चिखलात उतरला आणि बदकासारखं चालायला शिकला. हिवाळ्याच्या शेवटी परवानगी आली. अट एकच होती, यंत्र लावायचं नाही. हातानं खणायचं.

ते दोन महिने मला आठवतात ते पाठीच्या दुखण्यासकट. ओहोटी लागली की उतरायचं, भरती चढायला लागली की बाहेर. पुरुष खणायचे, बायका घमेली हातोहात द्यायच्या. चिखल कमी आणि विटा, फरशांचे तुकडे, प्लास्टिक, कुणाच्यातरी मोडक्या बाथरूमच्या टाईल्स, हेच जास्त. मी आठवड्यातून चार दिवस जात होते. दुपारी बांधावर बसून सगळ्यांबरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायचे. बदलापूरला परतल्यावर अंगाला चिखलाचा वास यायचा आणि लिफ्टमध्ये लोक जरा बाजूला सरकायचे. मला त्याचं काही वाटत नसे. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी घरी पोचले की लगेच झोप लागत होती.

असंच जेवताना एकदा दिरानं विचारलं, "मॅडम, तुमची कंपनी कंची?"

मी नाव सांगितलं.

भाकरी मोडता मोडता तो थांबला. "त्या नाल्यावरची? पानी वालधुनीत सोडतात ती?"

"हो."

वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ मोठ्या नदीला मिळते. नदी पुढे खाडी होते. हे मला नकाशावर माहीत होतं. त्या बांधावर बसून इतके महिने पाणी मोजताना मी ते मनाशी कधी पूर्ण म्हटलं नव्हतं.

दीर म्हणाला, "एके सालाला, दिवाली झाल्यावर, सकाली उठलो तर सगली खाडी पांढरी. मासली उलटी पडलेली. जिताडं, बोयटं, कोलंबी, सगली. तवापासून आमची खाडी उठलीच नाय. तवा तुमी कामाला व्हता?"

"होते," मी म्हटलं.

इथे थांबता आलं असतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि कुणीतरी विषय बदलला असता. पण मी थांबले नाही. मी सांगितलं, की कंपनीतून बाहेर पडणारं पाणी तपासून सही करणं हे माझंच काम होतं. नमुना कधी घ्यायचा ते मला फोनवर कळवलं जायचं, "मॅडम, आता या," आणि मी जायचे तेव्हा पाणी नेहमी स्वच्छ असायचं. फोन यायच्या आधी आणि नंतर काय वाहतं, ते मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर मला दोन दिवस नमुना घेऊ नका असं सांगितलं होतं. मी ते दोन दिवस बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवली. तुमची खाडी त्याच पाण्यानं मेली का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मी विचारलं नाही, हे खरं आहे.

कुणी आरडाओरडा केला नाही. दिरानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, घमेलं उचललं आणि तो खाली उतरला. एकेक करून बायकाही उतरल्या. मावशी शेवटी उठली. ती फक्त एवढंच म्हणाली, "आयसला तुझे ठाव व्हता काय?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर ती हेंद्रेपाड्याच्या कोपऱ्यावर आली नाही. बुधवारी मी खिडकीतून बघायचे. तिच्या जागेवर एक भाजीवाला बसायला लागला. मी त्याच्याकडून भाजी घेत नसे, लांबून घेत असे. हा वेडेपणाच होता.

मी दोन आठवडे घरात बसले. मग गेले. फाटा खाडीला जोडून झाला होता, माझ्यावाचूनच. भरतीचं पाणी आत येत होतं आणि ओहोटीला परत जात होतं, चिखलावर बारीक नक्षी ठेवून. मी पाण्याचे नमुने घेतले. बायका लांबवर जाळी दुरुस्त करत होत्या. कुणी हाक मारली नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही. मी वहीत आकडे लिहिले, त्याची एक प्रत मावशीच्या ओटीवर दगडाखाली ठेवली आणि परतले. पुढच्या आठवड्यात तसंच. त्याच्या पुढच्याही. डबा मी स्टेशनवर बसून खायचे.

त्या दिवसांत मी आणखी एक काम सुरू केलं. शिवमंदिराच्या मागे, मग उल्हासनगरात पुलाखाली, मग नदी मिळते तिथे, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, कुणाच्या फोनशिवाय मी पाणी घेऊ लागले. उल्हासनगरात पुलाजवळचे एक सिंधी दुकानदार दर वेळी विचारायचे, "मॅडम, ये गंदा पानी घर ले जाके क्या करती हो?" मी म्हणायचे, "देखती हूँ." ते म्हणायचे, "हम तो बचपन से देख रहे हैं." एकदा त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

जुन्या कंपनीतले एक सहकारी होते. निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा तरी फोन करणारे तेवढे एकच. त्यांच्या कानावर गेलं असावं. "मॅडम, कशाला हे या वयात? कुणाचं भलं होणार आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी तेव्हा जे लिहिलं नाही ते आता लिहून देतेय." त्यांचा पुढचा प्रश्न होता, "माझं नाव त्यात येईल का?" "नाही. फक्त माझं." त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. पुन्हा आला नाही.

मी माझं निवेदन स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घातला, आणि गावच्या बैठकीत नेऊन दिलं. गावाची तक्रार प्रदूषण मंडळाकडे जाणारच होती, तिला हे जोडा असं मी म्हटलं. दिरानं ते हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मला मोठ्यानं वाचायला लावलं. सगळ्या गावासमोर, उभं राहून, मी वाचलं. वाचून झाल्यावर त्यानं कागद परत घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "मी तुमाला माफ केलं असं समजू नका. पन ह्ये बरं लिवलंत."

तक्रारीचं काय झालं? तपासणी झाली. एक पाईप बंद केला असं कळलं. पाणी काही दिवस बरं असतं, काही दिवस रंगीत. याहून मोठं काही मला सांगता येत नाही.

पण फाट्यात पाणी खेळत होतं. पावसाळा सरता सरता पलीकडच्या काठावरच्या जुन्या तिवरांच्या बिया भरतीबरोबर आत आल्या आणि चिखलात रुतल्या. कुणी लावल्या नव्हत्या, म्हणून रेषेत नव्हत्या. दिवाळीच्या सुमाराला मी गेले तेव्हा त्यांना चार-चार, सहा-सहा पानं होती, वळणावर दाट, उंचवट्यावर विरळ. चिखलावर निवट्या, चिखलातच राहणारे ते बारके मासे, उड्या मारत होत्या. मी तिथेच बसले, आणि मोजायचं विसरले.

मागून मावशी आली, सासूला धरून. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलली, तेही जणू कालच भेटलो होतो असं. "हिला दाखवायचं व्हतं. एकटीनं हिला उतरवता येत नाय मना. धर."

आम्ही म्हातारीला खाली उतरवलं. मी तिचा हात धरून एका रोपावर ठेवला. तिनं पान बोटांनी चाचपलं, खालून वरून, आईनं मासळी बघावी तसं. मग खुडलं आणि जिभेला लावलं. तिवराच्या पानावर मीठ येतं, झाड ते असं बाहेर टाकतं. म्हातारी म्हणाली, "खारट हाय. जगंल."

मावशी रडत होती. मला वाटतं, सासूला ते कळलं, कारण ती जरा रागावून म्हणाली, "काय झालं रडायला? अजून एक दे." तिनं दुसरंही पान चाटलं.

हे घडून आता दोन पावसाळे झाले. म्हातारी गेल्या उन्हाळ्यात गेली. मला कळवलं नाही, कळवायला हवं होतं असंही नाही. चिंबोऱ्या पुन्हा मिळायला लागल्या आहेत, फार नाहीत, पण गावातच विकल्या जातात एवढ्या. त्यामुळे मावशीला बदलापूरला यायचं कारण उरलेलं नाही, आणि तिचे गुडघेही आता स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढत नाहीत. मी तिला फोन करते. ती उचलते तेव्हा मागे नेहमी गडबड असते. "ये की कवा," म्हणते.

पाणी मोजायचं काम मी गावातल्या दोन सुनांना शिकवलं. त्यातली धाकटी हुशार आहे. माझ्यापेक्षा काळजीपूर्वक करते आणि मुख्य म्हणजे नमुना कधी घेणार ते कुणालाच सांगत नाही, मलाही नाही. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा तिनं सगळं आधीच उरकलं होतं. वही पुढे केली. मी आकडे पाहिले. बरोबर होते.

"काही चुकलंय का मॅडम?"

"नाही गं. काही नाही."

दीर होडी घेऊन फाट्यातून येत होता. त्यानं मला पाहिलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढी. भरती चढत होती. मावशी कुणाच्या तरी बारशाला गेली होती, संध्याकाळी येणार होती. थांबा म्हणाल्या सगळ्या. मी थोडा वेळ बांधावर बसले. मग पाय धुतले, चपला घातल्या आणि रिक्षा मिळते तिथपर्यंत चालत गेले.